इन्फ्रारेड लेन्सची काच: रबाळ्याच्या भट्टीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या युनिटात आम्ही इन्फ्रारेड लेन्ससाठी लागणारी काच वितळवतो आणि तिचे ब्लँक, म्हणजे लेन्स घडवण्याआधीचे कच्चे तुकडे, कापून देतो. लेन्स घासणारे कारागीर, कॅमेरे जोडणारे उद्योजक, कॉलेजची मुलं आणि शेजारच्या गाळ्यांतली मंडळी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. ती अर्धवट सांगितली तर वाचणाऱ्याचं नुकसान होतं, म्हणून ती तशीच ठेवली.

थर्मल कॅमेऱ्याला वेगळी काच का लागते? साधी ऑप्टिकल काच का चालत नाही?

कारण थर्मल कॅमेऱ्याला जे किरण हवे असतात त्यांच्यासाठी साधी काच ही भिंत आहे. माणसाच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या किरणांचा जोर साडेनऊ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास सर्वाधिक असतो. चारशे अंशांवर तापलेल्या लोखंडाचा साधारण सव्वाचार मायक्रॉनला. हवेतून हे किरण दोन पट्ट्यांत चांगले जातात: ३ ते ५ मायक्रॉन आणि ८ ते १२ मायक्रॉन. खिडकीची किंवा चष्म्याची काच मात्र तीन मायक्रॉनच्या पुढे अंधारायला लागते आणि पाचच्या पुढे तिच्यातून काहीच जात नाही. शुद्ध क्वार्ट्झही साडेतीन मायक्रॉनच्या आसपास हात टेकतं.

यामागचं कारण अणूंच्या बंधांत आहे. साध्या काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा बंध घट्ट असतो आणि ऑक्सिजनचा अणू हलका असतो. घट्ट स्प्रिंगला हलकं वजन बांधलं तर ते भराभर हलतं, तसे हे अणू भराभर कंप पावतात आणि नेमके आपल्याला हवे असलेले किरण गिळतात. ऑक्सिजनच्या जागी त्याच्याच गटातले जड भाऊ घेतले, म्हणजे गंधक, सेलेनियम किंवा टेल्युरियम, की बंध सैल होतात, कंप मंदावतो आणि काचेचा पारदर्शक पट्टा लांब तरंगलांबीकडे सरकतो. अशा काचांना चाल्कोजेनाइड काच म्हणतात. गंधकाची काच आठ-नऊ मायक्रॉनपर्यंत उपयोगी पडते. सेलेनियमची ८ ते १२ चा पट्टा व्यवस्थित सांभाळते. टेल्युरियमची त्याच्याही बरीच पुढे जाते, पण थंड होताना तिच्यात स्फटिक धरायची खोड आहे.

आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीला रात्री दिसतं. त्यात हीच काच असते का?

नाही. ते कॅमेरे स्वतःच ८५० किंवा ९४० नॅनोमीटरच्या एलईडीचा उजेड टाकतात आणि परत आलेला उजेड टिपतात. हा उजेड डोळ्यांना दिसणाऱ्या लाल रंगाच्या जरा पलीकडचा असतो. त्यातून साधी काच आरपार असते.

तुमचा नमुना काळा आहे, आरपार काहीच दिसत नाही. ही काच म्हणायची कशी?

हा प्रश्न प्रत्येक नवीन माणूस विचारतो आणि तो अगदी रास्त आहे. सेलेनियमची काच दृश्य प्रकाश पूर्ण शोषते, म्हणून ती काळी, चकचकीत, जवळजवळ धातूसारखी दिसते. आर्सेनिक आणि गंधकाची काच गडद लाल दिसते आणि तिच्यातून थोडंफार पलीकडचं दिसतं. काच ही रचनेवरून ठरते, रंगावरून नाही. वितळ थंड झाली आणि अणूंनी स्फटिकासारखी शिस्तीची मांडणी न करता ते अस्ताव्यस्तच गोठले, की ती काच. नमुना थर्मल कॅमेऱ्यापुढे धरलात तर त्याच्यामागचा चेहरा स्पष्ट दिसेल. त्याच कॅमेऱ्यापुढे खिडकीची काच धरलीत तर त्यात तुमचंच धूसर प्रतिबिंब दिसेल.

जर्मेनियमच्या लेन्स वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत. मग काच कशाला?

जर्मेनियम उत्तम आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे किरण किती वळतात त्याचं माप, ४ आहे, ते कठीण आहे आणि हिऱ्याच्या टूलने सुरेख कापलं जातं. तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण तापमानाची. जर्मेनियमचा अपवर्तनांक दर अंशाला सुमारे ०.०००४ इतका बदलतो. ऐकायला हा आकडा छोटा वाटतो. आता नवी मुंबईत खाडीकाठच्या खांबावर बसवलेला, १०० मिलिमीटर फोकल लांबीचा कॅमेरा धरा. जानेवारीच्या पहाटे आणि मे महिन्याच्या दुपारी त्याच्या डबीतल्या तापमानात चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने जर्मेनियमच्या साध्या लेन्सचा फोकस जवळपास अर्धा मिलिमीटर सरकतो. एफ/१ च्या, म्हणजे फोकल लांबीइतक्याच रुंद तोंडाच्या, लेन्सला दहा मायक्रॉनवर फोकसची जी ढील मिळते, ती मात्र दोन्ही बाजूंना वीस मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग. चित्र पूर्ण धुरकट होतं. मग फोकस हलवायला मोटर लावा, नाहीतर यांत्रिक जुगाड करा. आर्सेनिक-सेलेनियमच्या काचेत अपवर्तनांकाचा हा बदल जर्मेनियमच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, आणि ती काच उष्णतेने जवळपास ॲल्युमिनियमइतकीच प्रसरण पावते. त्यामुळे लेन्स आणि तिची ॲल्युमिनियमची नळी यांचं एकमेकांशी जुळवून घेता येतं आणि मोटरशिवाय फोकस टिकतो. मला विचाराल तर या काचेचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे. स्वस्ताईचा नंबर त्याच्या मागून लागतो.

दुसरी अडचण उष्णतेचीच, पण वेगळी. जर्मेनियम अर्धवाहक आहे. शंभर अंशांच्या आसपास गेलं की त्यात मोकळे विद्युत वाहक वाढतात आणि ते अपारदर्शक व्हायला लागतं. भट्टीजवळ किंवा इंजिनाजवळ लावायच्या कॅमेऱ्यांना हे परवडत नाही.

तिसरी अडचण पुरवठ्याची. जर्मेनियम मुख्यतः जस्ताच्या शुद्धीकरणातून आणि काही कोळशांच्या राखेतून मिळतं, आणि जगातला सर्वांत मोठा उत्पादक चीन आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्यानंतर आमच्याकडे चौकशी करणाऱ्यांचा सूरच बदलला. आमच्या काही काचांतही जर्मेनियम असतं, पण तिसऱ्या हिश्श्याच्या आत, आणि आर्सेनिक-सेलेनियमच्या काचेत अजिबात नसतं.

कोणकोणत्या रचना वापरात आहेत?

जगभर वापरल्या जाणाऱ्या मोजक्याच आहेत आणि त्या गुपित नाहीत. जर्मेनियम ३३, आर्सेनिक १२, सेलेनियम ५५ (आकडे शंभर अणूंमागचे) ही जुनी आणि भरवशाची. तिचा अपवर्तनांक दहा मायक्रॉनला २.५ च्या जवळ असतो आणि ती ३६८ अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागते. आर्सेनिक नको असेल तर जर्मेनियम २८, अँटिमनी १२, सेलेनियम ६०. तिचा अपवर्तनांक २.६ आणि मऊ होण्याचं तापमान २८५ अंश. साच्यात दाबून लेन्स करायच्या असतील तर आर्सेनिक ४०, सेलेनियम ६०. तिचा अपवर्तनांक २.७८ च्या आसपास, आणि ती १८५ अंशांनाच मऊ होते. आर्सेनिक-गंधकाची काच सगळ्यांत जुनी. १९५० च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फ्रेरिक्स यांनी तिचे इन्फ्रारेड गुण पुन्हा उजेडात आणले आणि तिथून या सगळ्या कामाला गती आली.

याशिवाय फ्लोराइड काचा आहेत. त्या १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या रेन इथे सापडल्या. त्या चार-पाच मायक्रॉनपर्यंत सुंदर चालतात आणि प्रकाश वाहून नेणाऱ्या तंतूंसाठी वापरल्या जातात. आम्ही त्या करत नाही.

मग तुम्ही नवीन काय विकसित करता? रचना तर सगळ्यांना माहीत आहे.

हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इन्फ्रारेड काच विकसित करायची म्हणजे एखादं नवं मिश्रण शोधायचं, असा समज आहे. प्रत्यक्षात अवघड असतं ते दर वेळी तीच काच काढणं. लेन्सची रचना करणारा इंजिनिअर अपवर्तनांक तिसऱ्या-चौथ्या दशांश स्थळापर्यंत धरून गणित मांडतो. आमच्या या महिन्याच्या लॉटमध्ये आणि पुढच्या महिन्याच्या लॉटमध्ये तिसऱ्या दशांशात फरक पडला तर त्याची सगळी जुळणी कोलमडते. हा फरक पडायला फार काही लागत नाही. वजन करताना किंचित चूक झाली, सेलेनियमची थोडी वाफ पंपाबरोबर निघून गेली, भट्टी थंड करायचा वेग बदलला, की झालं. त्याच रचनेची काच भरभर थंड केली तर तिची घनता कमी राहते आणि अपवर्तनांक खाली येतो. आकडा रचनेवर जितका अवलंबून आहे तितकाच तिच्या थंड होण्यावरही आहे.

म्हणून आमच्या वहीत रचनेचं पान एकच असतं आणि तापमानाच्या नोंदींची पानं कितीतरी. कोणी विद्यार्थी नवी रचना घेऊन आला तर आम्ही त्याला आधी जुनीच रचना सलग तीनदा सारखी काढून दाखवायला सांगतो. हे कंटाळवाणं वाटतं, पण भारतात ही काच टिकाऊपणे बनवायची असेल तर पाया इथेच घालावा लागेल.

काच प्रत्यक्षात कशी वितळवता?

उघड्या भट्टीत नाही. सेलेनियम ६८५ अंशांना उकळतं, गंधक ४४५ ला, आणि आर्सेनिक ६१५ च्या आसपास न वितळता थेट वाफ होतं. त्यात जर्मेनियम ९३८ अंशांपर्यंत वितळायलाच तयार नसतं. उघड्यावर हे सगळं तापवलं तर अर्धं छताला जाईल आणि उरलेलं हवेतला ऑक्सिजन धरून बिघडेल. म्हणून काम बंद नळीत होतं.

क्वार्ट्झची जाड नळी आम्लाने धुतो, शुद्ध पाण्याने खळाळतो आणि निर्वात पंपावर ठेवून खूप तापवतो. क्वार्ट्झच्या भिंतीत मुरलेलं पाणी असं काढलं नाही तर ते पुढे काचेत उतरतं. मग कोरड्या नायट्रोजनच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे जोडलेल्या बंद पेटीत) माल तोलून भरतो. माल ९९.९९९ टक्के शुद्धतेचा किंवा त्याहून वरचा लागतो. तेवढ्यानेही भागत नाही, कारण सेलेनियम आणि आर्सेनिकच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर आलेला असतो. निर्वातात हळूहळू तापवलं की ऑक्साइड मूळ द्रव्याच्या आधी उडून जातो. तो पंपाच्या थंड सापळ्यात अडकवतो आणि मग नळी बर्नरवर वितळवून बंद करतो.

बंद नळी झुलत्या भट्टीत जाते. तापमान सावकाश वाढवावं लागतं. मोकळं सेलेनियम जर्मेनियमशी संयोग पावायच्या आत जास्त तापलं तर वाफेच्या दाबाने नळी फुटते. म्हणून मधल्या टप्प्यांवर तासन्‌तास थांबतो. पुढे ८५० ते ९५० अंशांवर भट्टी रात्रभर झुलत राहते, कारण या जड द्रव्यांची वितळ आपोआप एकजीव होत नाही. न झुलवता काढलेली काच बाहेरून निर्दोष दिसते आणि आत रेघांनी भरलेली असते.

मग झुलणं थांबवून नळी उभी करायची, तापमान जरा उतरू द्यायचं, आणि हवेच्या झोतात किंवा पाण्यात थंड करायचं. हा क्षण निर्णायक असतो. काच क्वार्ट्झच्या कितीतरी पट आकसते, त्यामुळे ती नळीच्या भिंतीपासून सुटून येते. सुटली नाही, चिकटून राहिली, तर दोन्ही तडकतात. सुटली की लगेच मऊ होण्याच्या तापमानाजवळच्या भट्टीत ठेवून तासाला थोडे थोडे अंश असं उतरवायचं. या ॲनीलिंगमध्ये घाई केलेली काच महिन्याभराने टूलखाली दुभंगते, तेही शेवटच्या पासला.

अशुद्धीबद्दल तुम्ही एवढा आग्रह का धरता?

कारण दहा लाखांत काही भाग इतका ऑक्सिजनही दिसतो. जर्मेनियम आणि ऑक्सिजनच्या बंधाचा शोषणपट्टा १२.८ मायक्रॉनजवळ येतो आणि त्याची शेपटी आपल्या ८ ते १२ च्या पट्ट्यात घुसते. हायड्रोजन राहिला तर तो सेलेनियमशी जोडला जाऊन साडेचार मायक्रॉनच्या जरा पुढे खड्डा पाडतो, गंधकाशी जोडला तर चारला. पाण्याचा पट्टा तीनच्या आत आणि सहाच्या पुढे येतो. ३ ते ५ च्या पट्ट्यासाठी काच मागणाऱ्याला हायड्रोजन नको असतो, ८ ते १२ वाल्याला ऑक्सिजन. दोन्ही पट्टे मागणाऱ्याला दोन्ही नको असतात.

ऑक्सिजन काढायला वितळीत मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमचा अगदी थोडा अंश टाकतात. तो ऑक्सिजन पकडतो. मग ती काच निर्वातात ऊर्ध्वपातनाने दुसऱ्या नळीत नेतात आणि ऑक्साइड मागे राहतो. वेळ दुप्पट लागतो. मोठ्या जाडीच्या लेन्ससाठी हे केलंच पाहिजे. पातळ लेन्सला काही वेळा त्याशिवाय भागतं, आणि तसं असेल तर आम्ही गिऱ्हाइकाला आधी सांगतो.

ठाण्या-नवी मुंबईच्या पावसाळ्याचा त्रास होतो का?

तयार काचेला फारसा नाही. ती पाण्यात विरघळत नाही. त्रास होतो तो कच्च्या मालाला आणि कोटिंगला. जून ते सप्टेंबर मालाची बाटली हवेत उघडत नाही, नळ्या धुतल्यावर भट्टीत तापवूनच ठेवतो, आणि ग्लोव्ह बॉक्समधल्या ओलाव्याचा आकडा रोज वहीत लिहितो. खाडीवरून येणाऱ्या खारट दमट हवेत कोटिंग नसलेल्या लेन्स उघड्या ठेवू नका. बंद डबीत, सिलिका जेल टाकून ठेवा.

आर्सेनिक आणि सेलेनियम विषारी आहेत. शेजारी गाळ्यात माणसं काम करतात. धोका नाही का?

हा प्रश्न विचारल्याबद्दल शेजाऱ्यांचे आभारच मानायला हवेत. उत्तर असं की धोका आहे, आणि तो कुठे आहे हे नेमकं माहीत असावं लागतं.

घट्ट, पॉलिश केलेली लेन्स हातात घेतल्याने काही होत नाही. धोका पावडरीत, वाफेत आणि गाळात आहे. म्हणून काच कोरडी कधीच घासायची नाही. कापणं, घासणं, पॉलिश करणं सगळं पाण्याखाली. गाळ नाल्यात सोडायचा नाही. तो ड्रममध्ये साठवून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीनुसार आणि घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे नोंद करून, तळोज्यासारख्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे जायला हवा. फुटलेला तुकडा बर्नरवर धरायचा नाही, कारण त्याची वाफ आर्सेनिकची असते. तुकड्यांवर आम्ल ओतायचं नाही. सेलेनाइडवर आम्लाची क्रिया होऊन हायड्रोजन सेलेनाइड वायू निघू शकतो आणि तो फार विषारी आहे. भट्टी जाड लोखंडी पेटीत असते आणि पेटीची हवा फिल्टरमधून जाते, म्हणजे नळी फुटलीच तर माल खोलीत येत नाही. भट्टी चढत असताना त्या खोलीत माणूस थांबत नाही.

घरगुती प्रयोग म्हणून हे काम कोणीही करू नये. इंटरनेटवर सेलेनियम विकत मिळतं म्हणून ते गॅसवर वितळवायला जाऊ नका.

काच चांगली झाली हे कसं ओळखता? डोळ्यांना तर काळीच दिसते.

एफटीआयआर यंत्रावर, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचे किती किरण पार जातात ते मोजणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक लॉटचा आलेख काढतो. त्यावर अशुद्धीचे खड्डे लगेच दिसतात. रेघा आणि बुडबुडे पाहायला एक ते दीड मायक्रॉनचा कॅमेरा वापरतो, कारण सेलेनाइड काच त्या तरंगलांबीला पारदर्शक होते. मऊ होण्याचं तापमान डीएससीवर (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) मोजतो. अपवर्तनांकासाठी काचेचा प्रिझम करून किमान विचलनाचा कोन मोजावा लागतो, तोही तापमान स्थिर ठेवून. हे मोजमाप वेळखाऊ आहे आणि ते टाळणारे लोक आहेत. ब्लँक कुठूनही घ्या, पण त्याच लॉटचा मोजलेला अपवर्तनांक मागा. पुस्तकातला आकडा स्वीकारू नका.

साच्यात दाबलेली लेन्स चांगली की हिऱ्याच्या टूलने कापलेली?

नग किती हवेत त्यावर आहे. थोडे नग, मोठा व्यास किंवा अजून बदलत असलेलं डिझाइन असेल तर डायमंड टर्निंग. हजारोंनी लहान लेन्स हव्या असतील तर मोल्डिंग. स्फटिकरूप जर्मेनियमला हा मार्गच नाही, तो फक्त कापावा लागतो. काच दोन-तीनशे अंशांना मऊ होते आणि टंगस्टन कार्बाइडच्या साच्यात अगोल आकारही एका दाबात येतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. साच्यात काच भरभर थंड होते, त्यामुळे तिचा अपवर्तनांक मूळ ब्लँकपेक्षा घसरतो. साचा करण्याआधी हे डिझाइनमध्ये धरा.

कोटिंग नाही केलं तर?

तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत किरण वाया. कोटिंग नसलेल्या जर्मेनियमच्या चकतीतून ४७ टक्केच किरण पार होतात, २.६ अपवर्तनांकाच्या काचेतून ६७ टक्के. बाकीचे पृष्ठभागांवरून परत फिरतात. दोन्ही बाजूंना परावर्तनरोधी थर हवाच. बाहेरच्या बाजूला हिऱ्यासारख्या कार्बनचा कडक थर द्यायची पद्धत आहे. जर्मेनियमवर तो सहज बसतो. आमची काच मऊ आणि जास्त प्रसरण पावणारी असल्याने तिच्यावर मधला थर नीट जमवावा लागतो, नाहीतर पापुद्रा सुटतो.

लेन्स पुसायची कशी?

आधी हवेने धूळ उडवा. मग लेन्सचा कागद आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. जोर लावू नका, ही काच चष्म्याच्या काचेपेक्षा बरीच मऊ आहे. धुण्याचा सोडा किंवा तीव्र साबण नको, अल्कधर्मी पाणी तिला खातं.

आमच्या लेसर कटिंगच्या दुकानातली पिवळी लेन्स तुमच्याकडे मिळेल का?

ती झिंक सेलेनाइडची असते. ती काच नसून वाफेतून वाढवलेला बहुस्फटिकी पदार्थ आहे, आणि १०.६ मायक्रॉनच्या कार्बन डायऑक्साइड लेसरला तोच योग्य. आमची काच त्या ताकदीच्या लेसरपुढे तापून तडकेल. पिवळी लेन्स जळली किंवा फुटली तर तुकडे उघड्या हाताने उचलू नका आणि झाडूने धूळ उडवू नका.

इलेक्ट्रिक पॅनल न उघडता थर्मल कॅमेऱ्याने तपासायचं आहे. झाकणाला ॲक्रिलिक लावलं तर?

ॲक्रिलिकमधून काही दिसणार नाही. पॅनलसाठी कॅल्शियम फ्लोराइडच्या किंवा खास पॉलिमरच्या तयार खिडक्या मिळतात. त्या घ्या. आमची काच तिथे वापरणं म्हणजे उगाच खर्च.

हे शिकायचं असेल तर कुठे जावं?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा मटेरियल्स इंजिनिअरिंग, तिन्हींतून येता येतं. काचेवर संशोधन करणारी देशातली मुख्य संस्था कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था. संरक्षणाची ऑप्टिक्स पाहायची तर डेहराडूनची आयआरडीई, म्हणजे डीआरडीओची ऑप्टिकल उपकरणांवर काम करणारी प्रयोगशाळा. आपल्या जवळ ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात काचेवर दीर्घकाळ काम चालत आलं आहे आणि पवईला आयआयटी आहे. पण पुस्तकाच्या आधी हात तयार करा. क्वार्ट्झची नळी बर्नरवर गळती न ठेवता बंद करता येणारा माणूस आम्हाला पदवीधारकापेक्षा अवघड मिळतो. हे कसब म्हाताऱ्या ग्लासब्लोअर मंडळींबरोबर संपत चाललं आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रयोगशाळांची काचेची उपकरणं दुरुस्त करणारे असे कारागीर अजून भेटतात. त्यांच्याकडे बसायची संधी मिळाली तर सोडू नका.

ब्लँक मागवायचा असेल तर काय काय कळवावं?

कोणता पट्टा हवा, ३ ते ५, ८ ते १२ की दोन्ही. व्यास आणि मधली जाडी. लेन्स कापणार की साच्यात दाबणार. वापरताना तापमान कुठून कुठपर्यंत जाईल. आर्सेनिक चालेल की नाही. अपवर्तनांकात किती फरक चालेल, हे आकड्यात. शेवटची गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत आणि मग फोनाफोनीत आठवडा जातो. ती लिहिलेली असली की आम्ही त्याच दिवशी सांगू शकतो की काच हातातल्या लॉटमधून निघेल की नवी नळी भरावी लागेल.